दीड मीटरवरचा चेहरा

आमच्या कासुर्डीला पालखी मुक्काम करत नाही, पुढे निघून जाते. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघते, उरुळी कांचनला दुपारी विसावते आणि संध्याकाळी यवतला पोचते. तिथे काळभैरवनाथाच्या देवळात वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरीचा मोठा घाट घातलेला असतो. या दोन गावांच्या मध्ये, सोलापूर हायवेवर, आम्ही. लहानपणी मी रस्त्याच्या कडेला पाण्याची कळशी घेऊन उभी राहायचे. पुढे त्याच जागी कॅमेरा घेऊन उभी राहायला लागले.

तीन वर्षांपूर्वी मी हप्त्यांवर ७०-२०० एमएमची लेन्स घेतली होती. लेन्सच दीड किलोच्या आसपास. ती, दोन बॉडी, फ्लॅश आणि इतर सामान पाठीवरच्या मोठ्या काळ्या बॅगेत भरून मी दुभाजकापाशी उभी राहिले. सात-आठ मीटरवरून एक म्हातारी चालली होती. डोक्यावर तुळशीवृंदावन, पदर पावसाने चिंब, नजर सरळ समोर. मी चार फ्रेम काढल्या. तिला पत्ताही लागला नाही. चौथी फ्रेम अशी आली की मीच बघत राहिले. मागचे ट्रक, टपऱ्या, पोस्टर सगळं विरघळलेलं आणि मधोमध तो चेहरा.

रात्री आजीला लॅपटॉपवर दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला.

"ही बाई कोण गं?"

"वारकरी आहे."

"ते दिसतंय मला. नाव काय तिचं? गाव कोणतं?"

"मला काय माहीत? मी लांब होते."

"मग तिला हा फोटू द्यायचा कसा?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या फोटोला इन्स्टाग्रामवर भरपूर दाद मिळाली, पण आजीचा प्रश्न मनातून गेला नाही. पोर्ट्रेटसाठी कोणती लेन्स घ्यावी आणि कोणती बॅग, हे मला नवीन मुलंमुली सारखं विचारतात. त्याचं उत्तर मी याच प्रश्नापासून सुरू करते, कारण फोटोग्राफीचा इतिहास वाचताना मला जागोजागी तोच भेटला. फोटो काढणारा समोरच्या माणसापासून किती लांब उभा होता? आणि त्याने नाव विचारलं का?

नाक आणि कान

आधी थोडं गणित. "८५ एमएमने चेहरा चांगला येतो" असं सगळे म्हणतात. खरं तर चेहऱ्याचा आकार लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. नाकाचं टोक आणि कान यांत साधारण १२ सेंटिमीटरचं अंतर धरा. फोन ४० सेंटिमीटरवर धरून सेल्फी काढलीत, तर नाक ४० वर आणि कान ५२ वर. म्हणजे कानाच्या तुलनेत नाक ३० टक्के मोठं दिसणार. तेच दीड मीटरवरून काढलं तर फरक ८ टक्क्यांवर येतो. पाच मीटरवरून जेमतेम अडीच टक्के, आणि चेहरा सपाट दिसू लागतो.

लेन्सचं काम एवढंच, की त्या अंतरावरून चौकटीत किती मावणार ते ठरवायचं. फुलफ्रेम कॅमेरा उभा धरून दीड मीटरवर ३५ एमएम लावली तर बसलेला माणूस आणि त्याची पडवी दोन्ही येतात. ५० एमएमला साधारण मीटरभर उंचीचा भाग येतो, ८५ एमएमला डोकं आणि खांदे. तिन्ही फोटोंत नाक तेवढंच राहतं.

दीड मीटर म्हणजे ओट्यावर समोरासमोर बसून चहा पिताना जेवढं असतं तेवढं अंतर. आवाज न चढवता बोलता येतं. समोरचा माणूस "पुरे आता" म्हणाला तर ऐकू येतं. हे अंतर आपल्याला आज सहज मिळतं. सुरुवातीच्या फोटोग्राफरांना ते मिळत होतं, पण माणसाला जखडून.

व्हिएन्नातली लेन्स, लोखंडी आधार

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा तिने माणसाचा चेहरा काढणं जवळपास अशक्य होतं. लेन्समधून उजेड इतका कमी यायचा, की प्लेटवर चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागायची. तेवढा वेळ इमारत स्थिर राहते, माणूस राहत नाही.

१८४० मध्ये व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी खास चेहऱ्यांसाठी लेन्स रचली. तोवर लेन्स बनवणारे अंदाजाने काचा घासून बघत. पेट्झवालनी प्रत्येक काचेची वक्रता आधी कागदावर काढली. त्या प्रचंड आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातले गणित येणारे सैनिक मदतीला दिले होते. फोग्टलेंडर यांनी ती लेन्स बनवली. तिचं तोंड एफ ३.६ एवढं उघडं होतं. दागेरच्या कॅमेऱ्याच्या तुलनेत उजेड पंधरा पटींहून जास्त. मिनिटांची गोष्ट सेकंदांवर आली आणि पोर्ट्रेट स्टुडिओ नावाचा धंदा उभा राहू शकला.

तरीही सेकंद बरेच लागायचे. म्हणून खुर्चीच्या मागे लोखंडी आधार असायचा आणि त्याच्या चिमट्यात डोकं टेकवून बसावं लागायचं. जुन्या फोटोंतली माणसं इतकी ताठ आणि गंभीर का दिसतात, याचं एक कारण मानेमागे आहे.

पेट्झवालच्या लेन्समध्ये मधला भाग धारदार यायचा आणि कडांकडे सगळं गरगरल्यासारखं व्हायचं. त्या काळी तो दोष होता. २०१३ मध्ये लोमोग्राफीने ती रचना पुन्हा बाजारात आणली तेव्हा लोकांनी त्या गरगरीसाठीच पैसे मोजले. आणि तुमच्या फोनमधला पोर्ट्रेट मोड मागची पार्श्वभूमी धूसर करतो, तेही आकडेमोड करूनच. सैनिकांच्या जागी चिप आली आहे.

मुंबईतले चेहरे, दुसऱ्या जागी चिकटवलेले

आपल्याकडे हे सगळं फार लवकर आलं. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. लगेचच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत व्यावसायिक फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हेही त्या पहिल्या पिढीतले फोटोग्राफर. म्हणजे कॅमेऱ्यामागे मराठी माणूस पहिल्या काही वर्षांतच उभा राहिला होता.

पण त्या काळची बॅग बघा. बॅग कसली, संसारच तो. १८५१ पासून ओल्या कलोडियनची पद्धत आली होती. काच साफ करायची, तिच्यावर चिकट द्रावण पसरायचं, चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच फोटो काढायचा आणि सुकायच्या आत धुवायची. हे सगळं अंधारात. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी न्यायचं. आमच्या भागात चैत्र-वैशाखात ईथर किती भरकन उडत असेल, याची कल्पना करा. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये हिमालयात फोटो काढायला गेला तेव्हा त्याच्या सामानाला तीसेक हमाल लागले होते.

एवढा लवाजमा घेऊन येणारा माणूस गावात आला की तो सरकारच वाटणार. आणि बऱ्याचदा तो सरकारचाच असायचा. 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत साडेचारशेहून जास्त फोटो आहेत. जात, जमात, धंदा यांच्या मथळ्याखाली माणसं मांडलेली. समोरचा माणूस एक नमुना म्हणून उभा आहे.

त्याआधी मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६३ ते १८६६ मध्ये मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्याने माणसांचे फोटो एकीकडे काढले, मुंबईतल्या जागांचे दुसरीकडे, आणि मग माणसं कापून त्या जागांवर बसवली. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्या भिंतीवर तसाच एक फोटो आहे. आजोबांचा. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून चेहरा कापला. स्टुडिओवाल्याने अंगावर कोट चढवला, डोक्यावर फेटा रंगवला आणि मागे निळं आभाळ दिलं. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता. पण त्या फोटोखाली त्यांचं नाव आहे. जॉन्सनच्या फोटोत जागा ओळखीची आणि माणूस निनावी. आमच्या फोटोत कोट खोटा, आभाळ खोटं, पण माणूस आमचा.

पडद्यामागे आणि केडगावात

फोटोग्राफर कोण आहे यावरही अंतर ठरतं. लाला दीनदयाळ हे त्या काळातले देशातले सर्वांत नावाजलेले फोटोग्राफर. त्यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. पण त्याआधी, १८९२ मध्ये, त्यांनी खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपवला. कारण सरळ आहे. पडद्यातल्या बाईसमोर दीनदयाळ स्वतः दीड मीटरवर बसू शकत नव्हते. कितीही चांगली लेन्स असती तरी नाही.

हे मला आजही उपयोगी पडतं. आमच्याकडे सुना-सासवा पुरुष फोटोग्राफरसमोर पदर सावरून ताठ होतात. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले तर भाकरी थापता थापता बोलतात.

आमच्याच दौंड तालुक्यात केडगाव आहे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. १८९६-९७ च्या आणि नंतरच्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना तिथे आसरा मिळाला. मिशनविषयीच्या जुन्या पुस्तकांत त्या मुलींचे समूहफोटो आहेत, ओळीवर ओळी. ते फोटो लांबून काढावे लागले, कारण सगळ्या मावायला हव्या होत्या. दूरच्या देणगीदारांना काम दिसायचं तर तेही गरजेचं होतं. त्या फोटोंना मी नावं ठेवत नाही. पण रमाबाईंचा चेहरा मी कुठेही ओळखते. त्या ओळींतली एकही मुलगी मला ओळखता येत नाही, आणि तिच्या पणत्या कदाचित आमच्याच आसपास राहत असतील.

तीन बल्ब आणि शंभर रुपये

केडगावच्या उलट्या दिशेला, पुण्याच्या बाजूला, उरुळी कांचन. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे राहिले आणि निसर्गोपचाराचं काम सुरू झालं. त्याच वर्षी त्यांचा जगात सर्वांत जास्त ओळखला जाणारा फोटो पुण्यात निघाला. पुढे चरखा, मागे खाली बघून वाचणारे गांधीजी. 'लाइफ'च्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी तो काढला.

त्या मोठं सामान घेऊन काम करणाऱ्या फोटोग्राफर होत्या. इथे मात्र अट पडली की आधी सूत कातायला शिका, मग फोटो. गांधीजींना डोळ्यांवर येणारा झगझगीत उजेड सोसत नसे, म्हणून फ्लॅशचे फक्त तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसरा साधला. एवढी मोठी फोटोग्राफर, पण तो फोटो मिळायच्या आधी तिला जमिनीवर बसून धागा तोडत बसावं लागलं.

याहून कडक अटी कनू गांधींना होत्या. ते गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव, आपल्या वर्ध्याच्या सेवाग्रामात राहणारे. गांधीजींनी त्यांना सांगितलं की फ्लॅश वापरायचा नाही, मला कधीही पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रमाकडून पैसे मिळणार नाहीत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांत कॅमेरा आणि फिल्म आली. कॅमेरा रोलायफ्लेक्स. त्याची लेन्स बदलता येत नाही. झूम नाही. जवळचा फोटो हवा तर जवळ जायचं. आणि तो पोटाशी धरून वरून बघायचा असतो, म्हणजे फोटो काढणारा मान खाली घालतो. डोळ्यापाशी काळं यंत्र रोखलेलं नसतं.

कनू गांधींचे काही फोटो हललेले आहेत, काही अंधारे. पण गांधीजी त्यांत एकदम घरातले दिसतात. एक शरीर, एक लेन्स आणि दहा वर्षांची सोबत. लेन्स निवडण्याबद्दल मला मिळालेला हा सर्वांत चांगला धडा आहे.

जवळ जाऊनही

आता कुणी म्हणेल, म्हणजे जवळ गेलं की झालं. नाही. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅककरीने एका अफगाण मुलीचा फोटो काढला. लेन्स १०५ एमएम एफ २.५, म्हणजे अंतर दीड-दोन मीटरच. जून १९८५ मध्ये तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. जगाने ते हिरवे डोळे पाठ केले. तिचं नाव शरबत गुला, हे कळायला २००२ उजाडलं. सतरा वर्षं ती 'अफगाण मुलगी' होती.

हे वाचलं तेव्हा मला माझी तुळशीवाली म्हातारी आठवली. मॅककरीची लेन्स चुकीची नव्हती, माझीही नव्हती. जवळ गेल्यावर नाव विचारता येतं. पण विचारावं लागतं.

मग घेऊ काय?

ज्याच्याकडे कॅमेरा आहे आणि पैसे थोडे, त्याने ५० एमएम एफ १.८ घ्यावी. दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेरची असते. तुमचा कॅमेरा छोट्या सेन्सरचा असेल तर तीच ८० एमएमसारखं काम करते. फुलफ्रेम असेल तर एक ३५ आणि एक ८५ पुरे. ३५ने घर काढा, ८५ने चेहरा. एफ १.८ ला सगळं उघडून दोन डोळ्यांतला एक धूसर करण्यात हशील नाही. एफ ४ ला सुरकुत्याही नीट येतात. लांबची झूम लग्नाच्या स्टेजसाठी आणि कीर्तनासाठी ठीक आहे. मी माझी ७०-२०० विकली आणि उरलेले हप्ते भरले.

बॅगेचंही तसंच. कॅमेऱ्याच्या चांगल्या बॅगा दुसऱ्यांच्या कामातून आल्या आहेत. इंग्लंडमधली बिलिंगहॅम कंपनी मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या शिवायची. फोटोग्राफरच त्या विकत घेतायत हे तिला नंतर कळलं. अमेरिकेत जिम डोमकी या वृत्तछायाचित्रकाराने १९७० च्या दशकात स्वतःसाठी साधी कॅनव्हासची खांद्यावरची बॅग केली आणि तीच पुढे नमुना ठरली. आपल्याकडचा नमुना वारीत रोज चालतो. वारकऱ्याची पडशी. खांद्यावर मधोमध टाकायची, ओझं थोडं पुढे, थोडं मागे. हात मोकळे राहतात आणि हवं ते न थांबता काढता येतं.

बॅग निवडताना मी तीन गोष्टी बघते. ती मांडीवर ठेवून एसटीत बसता येतं का? आमच्याकडच्या गुऱ्हाळात चुलवणाची राख उडत असते, तिथे एका हाताने उघडून लगेच बंद होते का? आणि घरात गेल्यावर ती ठेवायला यजमानांना खाट रिकामी करावी लागते का? माझी पाठीवरची काळी बॅग आत आली की घरातले उठून उभे राहायचे. आता मांडीला लागून बसेल एवढीच शिवून घेतली आहे, जाड कापडाची, आत फोमचे कप्पे. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या असतात. बाहेरच्या खिशात वही आणि पेन. नाव, गाव, फोन नंबर आणि फोटो कुणाच्या पत्त्यावर द्यायचा ते. हे सामान सर्वांत स्वस्त आहे आणि तेच मी पहिली काही वर्षं घेतलं नव्हतं.

दोन्ही नावं

गेल्या हिवाळ्यात आजीने स्वतःहून सांगितलं, "माझा काढून ठेव." आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो म्हणजे हार घालायचा फोटो, म्हणून ती इतकी वर्षं टाळत होती. "तुझ्या आज्याला कोट चढवला तसा मला शालू नको चढवू," म्हणाली.

ओट्यावर सकाळच्या उन्हात बसलो. ८५ एमएम, दीड मीटर. ती दाण्यांच्या शेंगा फोडत बोलत होती. तिने मला हाकललं नाही, की ताठ झाली नाही. मग मी वही काढली, नेहमीच्या सवयीने. नाव लिहायला लागले तर तिने हात धरला.

"कोणतं लिहितीस?"

मी तिचं सासरचं नाव सांगितलं.

"माहेरचं पण लिही. लग्नात बदललं. तेव्हापासून कुणी त्या नावाने हाक मारली नाही."

मी तीस वर्षं तिच्या घरात वाढले आणि ते नाव मला माहीत नव्हतं. फोटोच्या मागे आता दोन्ही लिहिलेली आहेत.

तुळशीवाल्या म्हातारीच्या फोटोची प्रिंट मी काढून ठेवली आहे. वारी आली की ती बॅगेच्या बाहेरच्या खिशात, वहीशेजारी असते. यंदा दिंड्या यवतला टेकल्या तेव्हा मी दोन-तीन तंबूंत ती दाखवली. कुणी ओळखलं नाही. पण एका तंबूत एक बाई म्हणाली, "ही नाही माहीत. माझा काढ की." मी खाली बसले आणि आधी नाव विचारलं.